शहाऐंशीच्या पुढचे वर्ष

लंडन शहरात सेंट मार्टिन्स लेन नावाचा एक रस्ता आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या रस्त्यावर स्लॉटर्स नावाचे कॉफीगृह होते. चित्रकार, बुद्धिबळाचे शौकीन, पत्त्या-फाशांचे नादी, मायदेश सोडून आलेली फ्रेंच मंडळी अशी नाना तऱ्हेची माणसे तिथे जमत. घरोघरी शिकवण्या करून थकलेला एक फ्रेंच गृहस्थही तिथे येऊन बसे. त्याच्याभोवती गिऱ्हाइके जमत. कुणा जुगाऱ्याला अमुक डावात अमुक पैज फायद्याची की तोट्याची हे हवे असे, तर कुणा पैसेवाल्याला पन्नाशीच्या माणसाला जन्मभर दरसाल ठरावीक रक्कम द्यायची तर आज त्याच्याकडून किती घ्यावेत, हे हवे असे. गृहस्थ आकडेमोड करून उत्तर देई आणि त्याबद्दल त्याला थोडीफार बिदागी मिळे.

या माणसाचे नाव अब्राहम द मॉयव्र. आपल्याकडे कॉलेजात गणित घेतलेल्या मंडळींना तो ‘डी मॉयव्हरचा सिद्धांत’ एवढ्यापुरताच ठाऊक असतो आणि परीक्षा संपली की विसरला जातो. पण विम्याचा हप्ता ठरतो कसा, पेन्शनची रक्कम निघते कशी, थोड्या मतदारांना विचारून साऱ्या राज्याचा अंदाज बांधतात तो कशाच्या जोरावर, या प्रश्नांचा माग काढत गेलो की वाट त्या कॉफीगृहातल्या टेबलापाशी येते. ज्याच्या स्वतःच्या आयुष्यात उद्याची शाश्वती कधीच नव्हती, त्याने जगाला अनिश्चिततेचा हिशेब शिकवला. ही त्याची गोष्ट.

द मॉयव्रचा जन्म २६ मे १६६७ रोजी फ्रान्समधल्या शांपेन प्रांतातल्या व्हित्री या गावी झाला. वडील शस्त्रवैद्य होते. घराणे प्रॉटेस्टंट पंथाचे, आणि राजसत्ता कॅथलिक. १५९८ मध्ये नांत येथे निघालेल्या एका राजाज्ञेने प्रॉटेस्टंटांना आपापल्या रीतीने उपासना करायची मुभा होती. त्या मुभेच्या आधाराने मुलगा सदाँ, सोम्यूर अशा ठिकाणी शिकला. नेमलेल्या अभ्यासात गणित फारसे नव्हते. त्याने हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाची फाशांच्या खेळावरची एक छोटी पुस्तिका आपली आपणच वाचून काढली. पुढच्या आयुष्याचे बी तिथेच पडले असावे.

१६८५ साली चौदाव्या लुईने ती राजाज्ञा रद्द केली आणि प्रॉटेस्टंटांसमोर धर्म बदला नाहीतर भोगा, असा पेच उभा राहिला. द मॉयव्र तेव्हा १८ वर्षांचा होता. पंथ सोडायला तयार नसल्यामुळे त्याला पॅरिसमधल्या सेंट मार्टिनच्या मठात डांबून ठेवले होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. सुटका झाल्यावर त्याने इंग्लंड गाठले. पुढची साठ-पासष्ट वर्षे तो तिथेच राहिला आणि तिथेच वारला. फ्रान्समध्ये राहायला तो कधी परतला नाही.

विशी-एकविशीतला निर्वासित तरुण लंडनमध्ये काय करणार? गणित येत होते, म्हणून श्रीमंतांच्या मुलांना शिकवू लागला. एका सरदाराच्या वाड्यात त्याला नुकतेच प्रसिद्ध झालेले एक जाडजूड पुस्तक दिसले. ते न्यूटनचे ‘प्रिन्सिपिया’ होते. आपल्याला गणित चांगले येते अशी त्याची समजूत होती. पहिली काही पाने चाळताच ती उतरली. त्याने पुस्तकाची प्रत विकत घेतली. पण शिकवण्या शहरभर विखुरलेल्या आणि बसून वाचायला वेळ नाही. तेव्हा त्याने पुस्तकाची पाने फाडून खिशात ठेवली आणि एका घरून दुसऱ्या घरी पायी जाता जाता ती वाचून काढली, अशी गोष्ट सांगतात. पुढे न्यूटनशी त्याचा स्नेह जुळला. उतारवयात न्यूटन गणितातली शंका घेऊन येणाऱ्यांना द मॉयव्रकडे पाठवी, असेही म्हणतात.

धूमकेतूमुळे प्रसिद्ध झालेला हॅली त्याचा मित्र होता. १६९७ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. मान मिळाला, नोकरी मात्र मिळाली नाही. इंग्लंडमध्ये प्राध्यापकाची खुर्ची परक्या देशातून आलेल्या, वशिला नसलेल्या माणसाला मिळणे अवघड होते. जर्मनीत त्याची कुठे सोय होते का, याची खटपट खुद्द लायब्निझने करून पाहिली, पण जमले नाही. ऐंशी ओलांडेपर्यंत या माणसाचे पोट शिकवण्या आणि कॉफीगृहातले सल्ले यांवरच चालले.

जुगाऱ्यांचे प्रश्न सोडवता सोडवता त्याचे पुस्तक तयार झाले. १७१८ मध्ये ‘डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस’ हा ग्रंथ निघाला. तो त्याने न्यूटनला अर्पण केला. ग्रंथाच्या सुरुवातीला त्याने संभाव्यता म्हणजे काय ते स्वच्छ सांगितले. एखादी गोष्ट जितक्या तऱ्हांनी घडू शकते, त्या संख्येला एकूण शक्य तऱ्हांनी भागायचे. दोन फासे टाकले तर ३६ तऱ्हा संभवतात. बेरीज ७ यायच्या तऱ्हा ६, म्हणून सातची संभाव्यता ३६ पैकी ६. दोन्ही फाशांवर सहा यायची तऱ्हा एकच, म्हणून ३६ पैकी १.

संभाव्यतेला मिळायच्या रकमेने गुणले की ‘अपेक्षित मूल्य’ निघते. समजा, हजार तिकिटांची लॉटरी आहे, तिकीट १० रुपयांचे आणि बक्षीस एकच, ५,००० रुपयांचे. तर एका तिकिटाचे अपेक्षित मूल्य ५ रुपये. म्हणजे आपण दहाची नोट देऊन पाचाची घेतो, आणि उरलेल्या पाचांत आठवडाभराचे एक स्वप्न विकत घेतो. घ्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. किंमत मात्र ठाऊक असावी.

लॉटरीचे एक गणित द मॉयव्रच्या पुस्तकातही आहे. १७१० सालच्या लॉटरीत एका बक्षिसाच्या तिकिटामागे ३९ कोरी तिकिटे होती. निदान एक बक्षीस लागण्याची शक्यता निम्मी व्हावी, तर किती तिकिटे घ्यावीत? चाळिसात एक, तेव्हा वीस घेतली की झाले, असे कुणालाही वाटेल. द मॉयव्रने दाखवले की वीस पुरत नाहीत. ३९ ला ०.७ ने गुणा, उत्तर २७.३, म्हणजे २८ तिकिटे घ्यायला हवीत. आणि तरीही शक्यता निम्मीच! मटक्याच्या अड्ड्यावर घर गमावलेल्या किती जणांना हा ‘शून्य दशांश सात’ कुणी वेळेवर सांगितला असता, तर!

जुगाऱ्याचा दुसरा भ्रम याहून जुना आहे. नाणेफेकीत पाच वेळा ओळीने छापा आला की त्याला वाटते, आता काटा येणारच. गणितात अशा फेकींना ‘स्वतंत्र घटना’ म्हणतात. मागे काय झाले त्याची नोंद नाणे ठेवत नाही. सहाव्या फेकीलाही छापा आणि काटा यांची शक्यता निम्मी-निम्मीच. यावर चाणाक्ष वाचक विचारील, असे असेल तर हजारो फेकींत दोन्ही बाजू जवळपास सारख्या कशा पडतात? नाणे मागची भरपाई करत नसेल, तर ही बरोबरी येते कुठून?

याच प्रश्नाच्या उत्तरासाठी द मॉयव्रचे नाव राहिले आहे. त्याच्या आधी स्वित्झर्लंडच्या याकोब बर्नुलीने ‘मोठ्या संख्येचा नियम’ सिद्ध केला होता. प्रयोग पुष्कळ वेळा केला, तर प्रत्यक्ष प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या जवळ जवळ येत जाते, हा तो नियम. बर्नुलीच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये, त्याचे पुस्तक निघाले. पण ‘पुष्कळ’ म्हणजे किती? बर्नुलीने आपल्या एका उदाहरणात काढलेला आकडा होता २५,५५०. एवढे प्रयोग करणार कोण? नियम खरा, पण हाती धरून वापरण्याजोगा नव्हता.

द मॉयव्रने या प्रश्नावर अनेक वर्षे घालवली. जेम्स स्टर्लिंग या स्कॉटिश गणितीचीही त्याला एका टप्प्यावर मदत झाली. नोव्हेंबर १७३३ मध्ये त्याने लॅटिनमध्ये काही पानांचे एक टिपण छापून मित्रांना वाटले. वय तेव्हा ६६ वर्षांचे. त्या पानांत त्याने दाखवले की नाणेफेकीच्या निकालांची एक ठरावीक आकृती बनते: मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेली, देवळातल्या घंटेसारखी. तिला आज आपण ‘प्रसामान्य वक्र’ म्हणतो.

त्याचेच उदाहरण घेऊ. नाणे ३,६०० वेळा उडवले. छापा बरोबर १,८०० वेळा पडेल अशी अपेक्षा धरायची नाही. मागे-पुढे होणारच. पण किती? ३,६०० चे वर्गमूळ ६०, त्याचे निम्मे ३०. छाप्यांची संख्या १,७७० ते १,८३० च्या दरम्यान असण्याची शक्यता ४१ पैकी २८, म्हणजे शेकडा ६८. मर्यादा दुप्पट केली, १,७४० ते १,८६०, की ती शेकडा ९५ च्या वर जाते. या ‘तीस’ला आज ‘प्रमाण विचलन’ म्हणतात. चूक होणारच, पण ती साधारण किती होईल, हेही मोजता येते, ही यातली गोम आहे. याच मापाने बर्नुलीचे उदाहरण पुन्हा सोडवले तर २५,५५० च्या जागी सुमारे साडेसहा हजार प्रयोगांत भागते.

आणि यातच मघाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. १०० फेकींत साधारण ५ ने मागे-पुढे होईल, म्हणजे शेकडा ५. फेकी १०,००० केल्या तर ५० ने, म्हणजे शेकडा अर्धाच. फेकी शंभरपट झाल्या, फरक दहापटच वाढला. नाणे कुणाची भरपाई करत नाही. मागचा फरक पुसला जात नाही, तो मोठ्या संख्येत विरून जातो, घागरीत पडलेल्या चिमूटभर मिठासारखा.

आता कॉफीगृहातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे, त्या जन्मभराच्या रकमेकडे वळू. एकरकमी पैसे घ्यायचे आणि माणूस जिवंत असेतो दरसाल ठरावीक रक्कम द्यायची, या व्यवहाराला आपल्याकडचा जुना शब्द ‘वर्षासन’ चपखल बसतो. मी उभी हयात बँकेत काढली. निवृत्त माणूस ठेवींचे दर विचारतो, मुदत विचारतो, नामनिर्देशन विचारतो. पण त्या सगळ्यांच्या पोटात एकच प्रश्न असतो. पैसे आधी संपतील की मी? वर्षासन हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. फक्त त्याची किंमत बरोबर लावता आली पाहिजे.

त्या काळी ती लावता येत नव्हती. १६९३ मध्ये इंग्लंडच्या सरकारने शंभर पौंडांवर जन्मभर दरसाल १४ पौंड द्यायचे वर्षासन काढले. दहा वर्षांच्या मुलाच्या नावे घ्या की सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या, दर एकच! म्हणजे सरकारने सरसकट सुमारे सात वर्षांच्या रकमेला ते विकले. त्याच वर्षी हॅलीने ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून एक कोष्टक छापले. शेकडा ६ व्याज धरून त्याने हिशेब केला, तर दहा वर्षांच्या मुलाच्या वर्षासनाची रास्त किंमत १३.४४ वर्षांची रक्कम निघाली आणि सत्तरीच्या माणसाची ५.३२. मुलाच्या नावे घेणाऱ्याला माल अर्ध्या किमतीत मिळत होता आणि म्हातारा नाडला जात होता.

हॅलीची रीत बरोबर होती, पण एकेका वयासाठी मरमर आकडेमोड करावी लागे. द मॉयव्रने ते कोष्टक समोर ठेवले आणि त्याची नजर एका ठिकाणी थबकली. १,००० मुलांपासून निघून ६० व्या वर्षी २४२ जण उरतात, ७० व्या वर्षी १४२. दरसाल दहा, ठरल्यासारखे. त्याने ठरवले की बालवय सरल्यावर माणसे सारख्या गतीने कमी होतात असे धरून चालू आणि शेवटची मर्यादा धरू ८६ वर्षे. मग हिशेब सोपा होतो. पन्नाशीच्या माणसाला ८६ पर्यंत ३६ वर्षे. त्याचे निम्मे, सरासरी १८ वर्षे आयुष्य उरले. वर्षासनाची किंमतही मग छोट्याशा सूत्राने निघते. १७२५ मध्ये त्याने या विषयावर पुस्तक छापले. ८६ हा काही निसर्गाचा कायदा नव्हता आणि तसे त्याला वाटतही नव्हते. कारकुनाला कागदावर वापरता येईल असे ते सोईचे गृहीतक होते.

मात्र हे सारे गणित एका अटीवर उभे आहे, आणि ती अट घंटेच्या त्या वक्रातूनच उमगते. ब्रेस्लाऊच्या कोष्टकाप्रमाणे साठीची १०० माणसे घेतली, तर वर्षभरात साधारण ४ जातील. पण प्रमाण विचलन २ चे. दोन जातील किंवा सहा. हिशेब निम्म्याने चुकू शकतो. साठीची १०,००० माणसे घेतली, तर सुमारे ४१३ जातील आणि मागे-पुढे २० च. हिशेब शेकडा पाचाच्या आसपास चुकेल. एक माणूस घेतला तर? तर गणिताला काहीच सांगता येत नाही.

याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हा कंपनी सरकारने त्याला सालिना आठ लाखांचे वर्षासन लावून दिले. बाजीरावाचे वय ४३. द मॉयव्रच्या नियमाने पाहिले तर त्याचे आणखी साडेएकवीस वर्षे आयुष्य धरायला हवे होते. बाजीराव बिठूरला जानेवारी १८५१ पर्यंत, साडेबत्तीस वर्षे जगला! कंपनीला सुमारे दोन कोटी साठ लाख मोजावे लागले. असे हजार पेशवे असते तर कुणी लवकर गेला असता, कुणी उशिरा, आणि बेरीज जुळली असती. पेशवा एकच होता, आणि एकाला सरासरी लागू पडत नाही.

विमा आणि पेन्शन यांचे मर्म एवढेच आहे. एकट्याला जे ओझे पेलत नाही, ते हजारांनी वाटून घेतले की हलके होते. आपल्या भिशीत ओळखीची दहा घरे असतात. विम्याच्या भिशीत एकमेकांना न ओळखणारी हजारो. द मॉयव्रचा शिष्य जेम्स डॉडसन याला वय ४५ च्या पुढे गेले म्हणून एका संस्थेने विमा नाकारला. त्यातून त्याने वयाप्रमाणे हप्ता ठरवायची रीत मांडली. त्या रीतीवर १७६२ मध्ये लंडनला इक्विटेबल ही विमा संस्था उभी राहिली. डॉडसन ती पाहायला उरला नव्हता. पुढे १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने हिंदी माणसाचा विमा जादा आकार न लावता, नेहमीच्या दराने उतरवायला सुरुवात केली. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. दारात येणाऱ्या विमा एजंटाच्या वहीतल्या कोष्टकाची वंशावळ अशी स्लॉटर्सच्या टेबलापर्यंत जाते.

त्या वक्राचे श्रेय मात्र द मॉयव्रला फार उशिरा मिळाले. जगाने तो जर्मन गणिती गाउसच्या नावाने ओळखला. १९९१ मध्ये चलनात आलेल्या १० मार्कांच्या जर्मन नोटेवर गाउसचा चेहरा आणि शेजारी तो वक्र छापलेला होता. २००२ साली युरो आला आणि ती नोट व्यवहारातून गेली. नोटा मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तिचे अप्रूप वाटणारच. पण त्या नोटेवर जागा खरी कुणाची, हेही मनात आल्याशिवाय राहत नाही. कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये १७३३ ची ती जुनी पाने उजेडात आणली, तेव्हा वक्राचा खरा जनक कोण ते कळले.

द मॉयव्रने संसार थाटला नाही. १७५४ मध्ये, तो मृत्यूच्या दारात असताना, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासदत्व दिले. ज्या देशाने अठराव्या वर्षी त्याला नको म्हटले, त्याला सत्त्याऐंशीव्या वर्षी त्याची आठवण झाली. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला तो वारला. शेवटी शेवटी तो रोज पाव तास जास्त झोपू लागला आणि चोवीस तास पुरे होतील तो दिवस त्याने आधीच गणिताने काढून ठेवला होता, अशी एक दंतकथा आहे. ती खरी मानायला आधार नाही. मला तर ती त्याच्यावर अन्याय करणारी वाटते, कारण एका माणसाचा मृत्युदिन गणिताने काढता येत नाही, हेच तर तो आयुष्यभर दाखवत आला होता.

खरी गोष्ट या दंतकथेहून सुरेख आहे. १७२५ मध्ये त्याचे वर्षासनाचे पुस्तक निघाले, तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. त्याच्याच नियमाने त्याच्या वाट्याला सरासरी १४ वर्षे यायची होती. तो २९ वर्षे जगला. माणसाच्या आयुष्याची मर्यादा त्याने ८६ धरली होती. मेला तेव्हा तो साडेसत्त्याऐंशीचा होता; स्वतःच्या कोष्टकात त्याला जागा उरली नव्हती. आणि तरी कोष्टक चुकले नव्हते. ते हजारांसाठी होते आणि हजारांना ते पुरले.

डॉक्टर जेव्हा एखाद्या दुखण्याची टक्केवारी सांगतात, विमावाला जेव्हा वयाचा रकाना भरतो, तेव्हा घरातल्या माणसांचे चेहरे उतरतात. तो आकडा खोटा नसतो. त्याप्रमाणे तयारी जरूर करावी, हप्ता भरावा, नामनिर्देशन करावे, औषध वेळेवर घ्यावे. पण तो आकडा हजारांचा आहे. त्या हजारांतले आपले माणूस कोणते, हे त्यात लिहिलेले नसते.